तेवीस तासांची टोपी

आधी नाव लिहिते. निवृत्तीभाऊ. नाशिकजवळ मखमलाबादला ज्यांच्या मळ्यातल्या खोलीत आम्ही भाड्याने राहतो, ते. वय पस्तीस, वजन नव्वद किलो, लग्न झालेलं नाही. झेंडू आणि शेवंती लावतात आणि दिवसभर कुणावर ना कुणावर ओरडत असतात. माझ्या लेकीचं डोकं आज जसं आहे तसं त्यांच्यामुळे आहे. डॉक्टर, मशीन, टोपी सगळं नंतर.

दुसरं नाव टोपीवाल्या मॅडमचं घेतलं असतं, पण त्या नको म्हणाल्या. ही वही त्यांनीच दिली. म्हणाल्या, "तुझ्यासारख्या आया येतात गं, खुर्चीत बसून रडतात. तू लिहून ठेव, मी त्यांना वाचायला देईन. फक्त जरा गोड लिही." मी आठवीपर्यंत शिकलेली आहे. ऱ्हस्व-दीर्घाचं मॅडम बघून घेणार आहेत. पण गोड मला जमायचं नाही. ईश्वरीला वर्ष झालं, ती आता धरून धरून चालते, तरी मला भांडी घासताना मधेच राग येतो आणि हातातलं पातेलं जोरात आपटलं जातं. तो राग आहे तसाच लिहिते.

शहाणं लेकरू

आम्ही हिंगोलीकडचे. इथून बसने अख्खी रात्र. ईश्वरीचे पप्पा सातपूरला एका वर्कशॉपात लेथ मशीनवर आहेत. मला आई नाही. भाऊ एकच, तो बोअरच्या गाडीवर. आज तेलंगणात, उद्या छत्तीसगडमध्ये, फोन लागला तर लागला.

ईश्वरीच्या आधी माझी दोन लेकरं गेली. एक पाचव्या महिन्यात पोटात, एक जन्मल्यावर दोन दिवसांनी. हे एकदाच लिहिते. त्यानंतर सासूबाईंनी गावच्या देवीला नवस बोलला, की हे लेकरू जगलं तर वर्ष भरल्यावर त्याचं जावळ तुझ्या पायरीवर, मामाच्या मांडीवर काढू. तोवर केसाला लोखंड लावणार नाही.

जगली. श्रावणात झाली, आणि झाली तीच डोकं भरून काळे केस घेऊन. बघणारी प्रत्येक बाई म्हणायची, काय जावळ आहे बाई.

दोन महिन्यांची असताना मी तिला घेऊन मळ्यात झेंडू तोडायला लागले. दसरा तोंडावर, माणसं मिळत नव्हती, आणि आम्हालाही कामाची गरज होती. फुलं भरायच्या शेडला तीन बाजूंनी पत्रा आणि एक बाजू उघडी. मधल्या खांबापासून निघालेल्या आडव्या बांबूला साडीची झोळी बांधायची, लेकरू आत टाकायचं, आणि समोरच्या सऱ्यांमध्ये तोडायला उतरायचं. रोज तोच बांबू. रोज तिचे पाय त्याच अंगाला. उजेड आणि मी दोघंही तिच्या उजव्या हाताला, म्हणून ती दिवसभर मान उजवीकडे करून माझ्याकडे बघत पडायची. रडायची नाही. बरोबरच्या बायका म्हणायच्या, "किती शहाणं लेकरू गं. टाकलं तसं राहतं." मला किती बरं वाटायचं!

झोळीत लेकराचे पाय एक दिवसाआड उलट्या अंगाला कर, एवढं एक वाक्य मला कुणी सांगितलं असतं तर! आमच्याकडे लेकराचं डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी करतात, तेलाने दाबतात, सगळं करतात. मीही केलं. रात्री मोहरीची उशी आणि दिवसभर झोळी. आणि डोकं बघायला वर दाट केस. बोटांनाही कळत नव्हतं.

आपोआप

दिवाळीच्या आंघोळीला कळलं. उटणं लावलं, केस भिजून डोक्याला चिकटले, आणि मी वरून वाकून पाणी घालत होते. उजवीकडून मागचा भाग कुणी हाताने दाबून बसवल्यासारखा. कान एक मागे, एक पुढे. मी तांब्या खाली ठेवला आणि किती वेळ तशीच बघत राहिले. लेकरू गारठून रडायला लागलं तेव्हा भानावर आले.

लस द्यायची होतीच, म्हणून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. बाहेर पंचवीस-तीस लोक. ते वजन लिहीत होते.

"डॉक्टर, हिचं डोकं मागून..."

"चपटं ना? अहो, सगळ्यांचं असतं. होतं आपोआप."

"पण एकाच बाजूने..."

"मुलगी आहे ना? मग काय, केस वाढले की झाकून जाईल. घ्या, पुढचे या."

त्यांनी मान वर केली नाही. डोक्याला हात लावला नाही. मी मात्र बाहेर येऊन पप्पांना हसत सांगितलं, काही नाही म्हणे, आपोआप होतं. आम्ही कोपऱ्यावर चहा प्यालो. त्या चहाचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

केसांत झाकून जाईल! मुलगी म्हणजे काय भिंत आहे, भेग पडली की वरून कॅलेंडर लावलं?

"आतापर्यंत काय करत होता?"

साडेपाच महिन्यांची असताना तिला खोकला झाला. नेहमीचे डॉक्टर गावाला गेले होते म्हणून दुसऱ्या एका बाईंकडे नेलं. त्यांनी छाती तपासली, आणि मग तिला टेबलावर बसवून स्वतः मागे जाऊन उभ्या राहिल्या. वरून बघितलं. मान डावीकडे फिरवून बघितली, ती फिरेना. मला म्हणाल्या, "खोकल्याचं औषध देते. पण हिला मोठ्या दवाखान्यात दाखवा. उद्याच." त्यांनी चिठ्ठी दिली.

मोठ्या दवाखान्यात डोक्याचा फोटो काढला. कवटीची हाडं वेळेआधी जुळलेली नाहीत, म्हणजे ऑपरेशन नको, एवढं चांगलं निघालं. मग तिथले मोठे डॉक्टर म्हणाले, "मान आखडली आहे, त्याचा व्यायाम करा. पण नुसत्या व्यायामाने आता भागणार नाही. टोपी लागेल. केव्हा लक्षात आलं तुमच्या?"

"दिवाळीत."

"दिवाळीत? मग आतापर्यंत काय करत होता तुम्ही? डोकं पहिल्या वर्षात भराभर वाढतं, तेव्हाच टोपी काम करते. नंतर लावून काही उपयोग नाही. उशीर केलात."

मी खाली बघितलं. पप्पा फरशी मोजत होते. मी म्हणायला पाहिजे होतं की मी दाखवलं होतं, तुमच्यासारख्याच एकाला दाखवलं होतं, त्याने बघितलं नाही. पण तिथे पांढऱ्या कोटातल्या माणसासमोर माझी जीभ टाळूला चिकटते. आठवी शिकलेल्या बाईला सगळे 'काय करत होता' विचारतात, आणि ती गप्प बसते, म्हणून ते परत विचारतात.

मॅडमनी इथे एक गोष्ट ठळक लिहायला सांगितली आहे. चपट्या डोक्याच्या प्रत्येक बाळाला टोपी लागत नाही. लवकर कळलं तर कुशी बदलून, जागेपणी पोटावर घालून बऱ्याच जणांचं सुधारतं. ते ठरवणं डॉक्टरांचं काम. पण त्यांना बाळाच्या डोक्याला हात लावायला लावा, आणि लावेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.

कौल

टोपीवाल्या मॅडमची खोली लहान, भिंतीला बदकांची चित्रं. टोपी म्हणजे बाहेरून कडक प्लास्टिक, आतून फोम. जिथे डोकं दबलं आहे तिथे आत जागा ठेवतात, बाकीकडून टेकलेली असते. डोकं वाढताना त्या मोकळ्या जागेत वाढतं. दिवसाचे तेवीस तास घालायची, आंघोळीला तासभर काढायची. चार-पाच महिने. पैशाचं इथे लिहीत नाही.

मॅडमनी ईश्वरीच्या केसांत हात घातला आणि हसल्या. "एवढ्या केसांवरून माप बरोबर येणार नाही. आणि नंतर केस काढले तर टोपी ढिली होईल. शिवाय पुढे उन्हाळा. जावळ करून या, मग लगेच माप घेऊ."

त्यांना ते अगदी साधं वाटलं. मला सासूबाईंचा नवस आठवला.

खोलीवर येऊन फोन लावला, स्पीकरवर. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "लोखंड लावायचं न्हाई."

"आई, वर्ष भरेपर्यंत थांबलं तर टोपीचा उपयोग नाही म्हणतात."

"दोन गेले ते इसरलीस का? माझ्या हातानं पुरलंय म्या एकाला. ह्या पोरीला देवीनं ठिवलंय. तिच्या जिवापरीस डोक्याचा आकार मोठा झाला का तुला?"

त्या खोटं बोलत नव्हत्या. दोन दिवसांच्या लेकराला त्यांनीच पदरात घेऊन नेलं होतं, मी तर दवाखान्यात पडून होते.

"बरं, देवीला इचारते," म्हणाल्या. आमच्याकडे कौल लावतात. देवीच्या दोन्ही खांद्यांना ओलं फूल चिकटवायचं. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. कौल मंगळवारीच लागतो, म्हणून सहा दिवस गेले. सातवा महिना सुरू झाला होता.

मंगळवारी फोन आला. डावं पडलं.

मी खोलीच्या दारात रडत बसले होते, पप्पा आत. निवृत्तीभाऊ समोर पिकअपमध्ये क्रेट चढवत होते. त्यांनी स्पीकरवरचं सगळं ऐकलं, आजचंही आणि मागचंही. क्रेट तिथेच टाकून आले आणि माझ्या हातातला फोन घेतला.

"मावशी, मी खोलीवाला बोलतो, निवृत्ती. फूल कोणतं होतं?"

"आँ?"

"कौलाला फूल कोणतं लावलं?"

"झेंडू. काहून?"

"कधी तोडलेलं?"

"आता ते काय म्हाईत बाबा. गुरवाकडं व्हतं."

"मंग शिळं असंल. मावशी, मी पंधरा वरीस फुलं विकतो. शिळा झेंडू कोणत्या बी बाजूला पडतो. त्याला देवी काय करील?"

मला एवढ्या रडण्यात हसू आलं. सासूबाईंना नाही आलं. "देवीची मस्करी करू नको. आन् जावळाला मामा लागतो. मामा कुठंय हिचा?"

"मी बसतो ना मामा."

"तू? तुजं आडनाव काय?"

"आडनाव काय करायचं? मांडी बघा माझी, नव्वद किलोचा माणूस हाय. एक बी केस खाली पडू देणार नाय. हळदीच्या फडक्यात बांधून माझ्या देव्हाऱ्यात ठेवतो. वरीस भरलं का मी सोता गाडी घेऊन येतो देवीला द्यायला. आन् कौल मोडल्याचं जे काय व्हायचं, ते मांडीवर घेणाऱ्याला व्हईल. पोरीला नाय. हे मी तुमच्या देवीला इथून सांगतो."

सासूबाईंनी फोन ठेवून दिला. हो म्हणाल्या नाहीत.

पप्पांकडे मी बघितलं. ते म्हणाले, "तुमचं तुम्ही बघा," आणि सेकंड शिफ्टचा डबा घेऊन निघून गेले. बापाने हो म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही, म्हणजे पुढे काही झालं तर बोट दाखवायला बायको आहेच. हे मी त्यांच्या तोंडावरही बोलले आहे, म्हणून इथे लिहायला हरकत नाही.

मांडी

दुसऱ्या दिवशी सकाळी निवृत्तीभाऊंनी आंघोळ करून, धुतलेला लेंगा घालून, शेडमध्ये पाट मांडला. गावातला न्हावी बोलावला होता. मी नारळ ठेवला, ईश्वरीला हळदकुंकू लावलं आणि त्यांच्या मांडीवर दिलं. मी इतकी मागेपुढे करत होते की न्हावीदादा म्हणाले, "वहिनी, वस्तरा माझ्या हातात हाय, तुम्ही कशाला हलता?"

ईश्वरीने अर्धा वेळ आरडाओरडा केला आणि अर्धा वेळ निवृत्तीभाऊंच्या शर्टाचं बटण चोखलं. त्यांनी एक केस खाली पडू दिला नाही. मांडीवर पिवळं फडकं पसरलं होतं, आणि उडालेले केस ते जाड्या बोटांनी वेचत होते.

सगळे केस निघाल्यावर मी पहिल्यांदा तिचं डोकं बघितलं. मला वाटलं होतं त्याहून वाईट होतं. इतके महिने मी त्या केसांना तेल लावत होते, लाडाने विंचरत होते, आणि खाली हे होतं. मी तोंड फिरवलं.

"फिरवू नको तोंड," निवृत्तीभाऊ ओरडले. "नीट बघून घे, ताई. पाच महिन्यांनी परत बघायचंय, तवा फरक कसा कळंल?"

तोवर ते मला वहिनी म्हणायचे.

घाम

मॅडमनी मशीनने डोक्याचं माप घेतलं आणि काही दिवसांनी टोपी बनून आली. पहिला आठवडा हळूहळू तास वाढवायचे. टोपी काढल्यावर लाल डाग दिसतील, ते तासाभरात गेले तर ठीक, राहिले तर मॅडमकडे जायचं. मार्च संपत आला होता, पत्र्याची खोली. टोपीतून दह्यासारखा आंबूस वास यायचा. आतला फोम स्पिरिटने पुसायचा आणि पूर्ण सुकू द्यायचा, ओला राहिला तर पुरळ येतं. अंगात पातळ सुती झबलं, बाकी काही नाही. ज्या आया उन्हाळ्यात टोपी सुरू करतील त्यांनी हे लक्षात ठेवा, आणि आपल्या लेकराच्या वासाची लाज वाटू देऊ नका.

पहिल्या दिवशी ती टोपी ओढून ओढून रडली. दुसऱ्या दिवशी मी तिला मळ्यात नेलं तर निवृत्तीभाऊ गाडीचं हेल्मेट डोक्यात घालून झेंडूला पाणी सोडत होते. उन्हात, काच खाली करून. तोडणाऱ्या बायका वाकून वाकून हसत होत्या. "भाऊ, कोण मारायला येतंय तुम्हाला?" ते दुपारपर्यंत तसेच फिरले. ईश्वरी त्यांच्याकडे बघतच राहिली आणि टोपी ओढायची विसरली. झोळी मी तेव्हापासून बांधली नाही. शेडमध्ये गोणपाटावर चादर घालून तिला पालथं ठेवायचे.

ताप

दहाव्या दिवशी ती तापली. सकाळी अंग कोमट होतं, दुपारी फणफणली. पप्पा घरी होते. त्यांनी टोपी काढली, कपाटावर ठेवली आणि आईला फोन लावला.

सासूबाई रडत होत्या. "म्या सांगितलं व्हतं. म्या सांगितलं व्हतं."

खरं लिहिते. मलाही तेच वाटलं. दवाखाना, मशीन, मॅडम सगळं डोक्यातून गेलं आणि फक्त ते डावं फूल राहिलं. मी ईश्वरीला उचलून पळत मळ्यात गेले आणि निवृत्तीभाऊंना, सगळ्या बायकांसमोर, म्हणाले, "तुमच्यामुळे झालं हे. तुम्हाला ना बायको ना लेकरू. तुमचं काय जातं मामा व्हायला?"

त्या वर्षी त्यांच्यासाठी चार मुली बघून झाल्या होत्या आणि चारही ठिकाणी शेतकरी नको म्हणून नकार आला होता, हे मला माहीत होतं. माहीत असून बोलले.

त्यांचं तोंड जरा उतरलं. मग पिकअपचं दार उघडून म्हणाले, "बस गाडीत."

पंचवटीपर्यंत त्यांनी गाडी जोरात हाणली. मागे क्रेट आदळत होते. सिग्नलला थांबले की एक हात ईश्वरीच्या पायावर ठेवायचे. दवाखान्यात कानाला सूज निघाली, घशातून कानात गेलेली. लहान मुलांना होतं, टोपीचा संबंध नाही, औषधाने उतरेल, ताप आहे तोवर टोपी घालू नका. मी तीन वेळा विचारलं, टोपीमुळे नाही ना? चौथ्यांदा विचारायला तोंड उघडलं तर निवृत्तीभाऊच डॉक्टरांना म्हणाले, "लिहून द्या तिला, सासूला दाखवायचंय."

चार दिवसांनी ताप गेला. टोपी कपाटावरच होती.

"नको घालू," पप्पा म्हणाले.

"ताप गेलाय."

"परत आला म्हणजे?"

"मग परत काढू. द्या ती खाली."

"मी नाही देणार."

"मग सरका."

मी स्टुलावर चढून काढली, स्पिरिटने पुसली, सुकवली आणि घातली. दोन दिवस आम्ही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी आंघोळीच्या वेळी बघते तर पप्पा टोपी हातात घेऊन तिच्या कडेवरून अंगठा फिरवत होते, लेथवरून उतरलेल्या लोखंडी जॉबवर फिरवतात तसा. म्हणाले, "इथं बर राहिलाय, बारीक धार. कानामागं टोचत असणार." मी ईश्वरीच्या कानामागे बघितलं, बारीक लाल रेघ होती. मॅडमनी ती कड घासून दिली आणि विचारलं, कुणाला कळलं हे? त्या दिवसापासून टोपी पुसायचं काम पप्पांचं. सॉरी वगैरे ते काही म्हणाले नाहीत. मीही वाट बघितली नाही.

लोक

बसमध्ये विचारायचे, "गाडीवरून पडली काय?" एक आजोबा म्हणाले, "मेंदूचं ऑपरेशन का?" आणि उत्तर न ऐकता च्‌च्‌ केलं. एका बाईने आपलं पोर माझ्या शेजारून उठवून मागे नेलं, जसं काही टोपी उडून त्याच्या डोक्यावर बसणार होती.

रविवार कारंजाच्या चौकात मात्र माझा तोल गेला. कॉलेजची एक मुलगी समोरून मोबाईल धरून उभी. मला वाटलं फोनवर बोलते आहे. मग ती हसून मैत्रिणीला म्हणाली, "कसली क्यूट आहे, रील टाकते."

"डिलीट कर," मी म्हणाले.

"अहो आँटी, छान दिसतेय ती."

"छान दिसतेय तर उद्या तुझ्या डोक्यावर घालते, तेवीस तास. मे महिन्यात. मग मी रील काढते. डिलीट कर."

केलं तिने. पांढऱ्या कोटासमोर जी जीभ चिकटली होती ती तिथे सुटली. त्या मुलीवर जरा जास्तच सुटली, तिचा तेवढा दोष नव्हता.

मग मी आमच्या त्या पहिल्या डॉक्टरांकडेही गेले. नंबर लावून, तासभर बसून. ईश्वरीची टोपी काढून तिला त्यांच्या टेबलावर बसवलं. "डॉक्टर, दिवाळीत मी हिला दाखवलं होतं. तुम्ही म्हणाला होता, केसांत झाकेल."

ते ईश्वरीकडे बघत राहिले. त्यांना आठवत नव्हतं. खोटं बोलत नव्हते ते, खरंच आठवत नव्हतं. माझे ते महिने त्यांच्या लेखी अर्ध्या मिनिटाचे होते. मी एवढंच म्हणाले, "पुढच्या मुलीचं डोकं हात लावून बघा," आणि टोपी घालून निघाले. फी त्यांच्या माणसाने बाहेर मागितली. दिली नाही.

माप

जुलैच्या शेवटी मॅडमनी शेवटचं माप घेतलं. स्क्रीनवर पहिलं डोकं आणि आताचं डोकं शेजारी ठेवून दाखवलं. बराच फरक. पूर्ण नाही. उजवा कान अजून किंचित पुढे आहे आणि मागे एक हलकी सपाटी बोटाला लागते. मी विचारलं, "आणि चौथ्या महिन्यात आलो असतो तर?" मॅडमनी चष्मा काढून पुसला. मी परत विचारलं नाही.

ईश्वरी धरून चालते, खाते, चावते, निवृत्तीभाऊंना "म्मा" म्हणून हाक मारते. जी सपाटी राहिली ती माझ्याच बोटाला लागते, दुसऱ्या कुणाला दिसत नाही. तरी मी रोज चाचपते. ही सवय जायला वेळ लागेल.

वर्ष भरलं तेव्हा निवृत्तीभाऊंनी शब्द पाळला. आदल्या दिवशी ताजी शेवंती तोडली, देव्हाऱ्यातलं पिवळं गाठोडं काढलं आणि पिकअप घेऊन आम्हाला हिंगोलीकडे नेलं. सासूबाई देवळाच्या पायरीवर बसल्या होत्या. आधी गाठोडं घेऊन देवीपुढे ठेवलं, डोकं टेकवलं. मग ईश्वरीला ओढून मांडीत घेतलं आणि तिच्या डोक्यावरून सगळीकडून हात फिरवला.

"हिकडून अजून जरासं हाये," मला म्हणाल्या.

"हो आई. थोडं राहिलं."

"मंग अजून थोडे दिवस काहून न्हाई घातली टोपी?"

मी काही बोलायच्या आत निवृत्तीभाऊच इतके मोठ्याने हसले की गुरव बाहेर आला. सासूबाईंनी त्यांना पाटावर बसवलं, कुंकू लावलं, मामाचा टॉवेल-नारळ दिला. आडनाव परत विचारलं नाही. माझ्या भावाला व्हिडिओ कॉल लावला तर तो बोअरच्या आवाजात ओरडला, "मांडी तुमची, पण टॉवेल माझा हाय बरं का!"

निवृत्तीभाऊ, ही वही मॅडमच्या टेबलावर राहील, तुम्ही काही ती वाचायला जाणार नाही. तरी लिहिते. त्या दिवशी मळ्यात मी जे बोलले त्याची माफी अजून मागितलेली नाही. तोंड उघडते आणि तुम्ही कुणावर तरी ओरडायला लागता. तुम्ही मुलगी बघायला जाल तेव्हा मी बहीण म्हणून बरोबर येणार, आणि शेतकरी नको म्हणणाऱ्यांना हा माणूस काय आहे ते मी सांगणार. आता माझी जीभ चिकटत नाही. आणि तुमच्या घरी पाळणा बांधाल तेव्हा आम्ही नाशकात असू, हिंगोलीत असू, नाहीतर आणखी कुठे, आत्या म्हणून मी येणार. बाळाच्या कानात नाव मी सांगणार. पाठीत गुद्दे घालायला मखमलाबादच्या सगळ्या बायका बोलवा, आणि त्यांना सांगा, हिला जोरात मारा.